जमिनीतून कागदावर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या या सोहळ्यात नाटक, नाट्यसंगीत आणि कीर्तन यांच्या जोडीने पुरातत्त्वासारख्या धुळीने माखलेल्या विषयालाही आपण एक संध्याकाळ दिलीत, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. पुरातत्त्व म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे कुदळ, फावडे आणि मोहरांनी भरलेला हंडा उभा राहतो. आम्हां अभ्यासकांस प्रवासात, लग्नकार्यात, कोठेही गाठ पडली की लोक विचारतात, “काय सापडले?” “सापडले ते छापले कोठे?” असे मात्र कोणी विचारीत नाही. आज आम्ही या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द सांगणार आहोत, कारण आमच्या शास्त्राची सारी अब्रू त्याच प्रश्नात आहे.

रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग फसला, तर त्याला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडता येतो. पोथीतील एखाद्या पाठाविषयी शंका आली, तर पोथी पुन्हा उघडून पाहता येते. उत्खननास ही सवलत नाही. टेकाडातील खालचा थर दिसावयाचा तर वरचा थर काढून टाकावा लागतो, आणि एकदा काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. सापडलेले खापर संग्रहालयात जाऊन बसते, हे खरे. पण ते चुलीजवळ होते की उंबऱ्याशी, घराच्या मूळ जमिनीवर होते की पुढे कोणी खणलेल्या खड्ड्यात पडले होते, हे सांगणारी माती उपसून दूर फेकलेली असते. ती साक्ष उरते फक्त उत्खननाच्या दैनंदिनीत, नकाशांत, थरांच्या छेदचित्रांत आणि छायाचित्रांत. ही कागदपत्रे कपाटात राहिली आणि त्यांना कसर लागली, तर ते स्थळ दुसऱ्यांदा नष्ट झाले असेच म्हणावे लागते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पद्धतशीर उत्खननाचा पाया घालणारे जनरल पिट-रिव्हर्स यांनी आपल्या उत्खननांचे भारदस्त खंड स्वखर्चाने छापून घेतले. वस्तू हाती लागली म्हणजे शोध लागला असे ते मानीत नसत. तिची नोंद होईल तेव्हाच शोध लागला, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाचे मर्म समजण्यासाठी सिंधू संस्कृतीची कथा पाहावी. ही कथा आपण शाळेत उत्खननाची कथा म्हणून शिकलो. ती तितकीच प्रकाशनाचीही कथा आहे.

हडप्पा येथे मिळालेली एक मुद्रा अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७५ मध्ये आपल्या अहवालात चित्रासह प्रसिद्ध केली. तिच्यावरील बैलास वशिंड नाही आणि अक्षरे ओळखीची नाहीत, तेव्हा ही मुद्रा परदेशी असावी, असा त्यांनी तर्क केला. तर्क चुकला, पण चित्र छापले गेले होते. १९१२ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हडप्पाच्या मुद्रांविषयी लिहिले, तेव्हा एकाच्या जागी तीन मुद्रा शेजारी-शेजारी मांडून पाहता आल्या. पुढे १९२०-२१ मध्ये दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे, आणि १९२२-२३ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे उत्खनन केले. दोन स्थळांत शेकडो मैलांचे अंतर, आणि मुद्रा मात्र एकाच घराण्यातल्या! पण त्यांचा काळ कोणता? त्याचे उत्तर त्या वेळी भारतात कोणापाशीही नव्हते.

तेव्हाचे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक सर जॉन मार्शल यांनी २० सप्टेंबर १९२४ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ मध्ये छायाचित्रांसह ही वार्ता जाहीर केली. ते विद्वानांचे नियतकालिक नव्हे, सचित्र साप्ताहिक होते. पण ते दूरवर पोहोचत असे. पुढच्याच आठवड्याच्या अंकात ए. एच. सेस या अभ्यासकाचे पत्र आले, की अशा मुद्रा इराणातील सुसा येथेही सापडल्या आहेत. त्यानंतरच्या आठवड्यात ब्रिटिश म्युझियममधील गॅड आणि स्मिथ यांनी मेसोपोटेमियातील अवशेषांशी असलेले साम्य दाखविले. किश येथे उत्खनन करणारे अर्नेस्ट मॅके यांनीही तेथे सापडलेल्या तशाच एका मुद्रेची माहिती कळविली. तेथील थरांचा काळ ठाऊक होता. अशा रीतीने दोन आठवड्यांच्या अवधीत भारताचा इतिहास दोन हजारांहून अधिक वर्षांनी मागे गेला, आणि त्यासाठी एक टोपलीभर मातीही जास्त उपसावी लागली नाही. एका देशातील प्रश्न छापला गेला आणि दुसऱ्या देशात पडून असलेले उत्तर त्याला येऊन मिळाले. संशोधन-नियतकालिकाचे सारे प्रयोजन या एका घटनेत सामावलेले आहे.

या कथेत एक महाराष्ट्रीय नावही येते. डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे सर रामकृष्णपंतांचे चिरंजीव. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे अधिकारी या नात्याने ते १९११-१२ मध्ये मोहेंजोदडोस जाऊन आले. तेथील विटा आधुनिक धाटणीच्या दिसतात, तेव्हा हे गाव फार तर दोनशे वर्षांपूर्वीचे असावे, असे त्यांनी विभागाच्या वार्षिक अहवालात लिहिले. आज आपण हे वाचून हसतो. पण भांडारकर हे लहान विद्वान नव्हते. बेसनगर आणि नगरी येथील उत्खनने त्यांच्या नावावर आहेत, ‘इंडियन अँटिक्वरी’चे संपादन त्यांनी केले, आणि कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे अध्यापन करताना त्यांनी अशोकावर लिहिलेला ग्रंथ प्रसिद्धच आहे. त्यांनी आपले मत आणि त्यामागची कारणे दोन्ही छापली, म्हणूनच पुढच्या माणसाला ती तपासता आली.

उलट राखालदासांचे पाहा. ज्यांनी मोहेंजोदडोचे प्राचीनत्व ओळखले, त्यांचा स्वतःचा सविस्तर अहवाल त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. ते १९३० मध्ये वारले, आणि तो अहवाल पुस्तकरूपाने बाहेर आला १९८४ मध्ये. तोपर्यंत मार्शल यांचे १९३१ चे तीन खंड आणि मॅके यांचे १९३८ चे खंड हेच मोहेंजोदडोवरील आधारग्रंथ होऊन बसले होते. चुकीचे मतही छापले गेले तर कालांतराने दुरुस्त होते. न छापलेले अचूक मत कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

आता हे छापण्याचे काम घडते कसे, ते थोडक्यात सांगतो. आपल्या देशात या कामाची परंपरा जुनी आहे. ‘इंडियन अँटिक्वरी’ हे मासिक जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये मुंबईतून सुरू केले. १९४६ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी ‘एन्शंट इंडिया’ काढले. १९५३-५४ पासूनच्या उत्खननांचा वार्षिक आढावा ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ मध्ये येऊ लागला. ‘पुरातत्त्व’ आणि ‘मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट’ ही नियतकालिके त्यानंतरची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधन-पत्रिकेचा आरंभ १९३९ चा.

समजा, एका तरुण अभ्यासकास नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडावर सातवाहनकालीन खापरे मिळाली. उत्साहाच्या भरात तो ‘सातवाहनांची एक अज्ञात व्यापारी पेठ’ असा शोधनिबंध लिहून पाठवितो. संपादक तो त्या विषयाच्या दोन जाणकारांकडे परीक्षणासाठी धाडतात. बहुधा लेखकाचे नाव परीक्षकास कळत नाही आणि परीक्षकाचे लेखकास. काही महिन्यांनी निबंध परत येतो, तो प्रश्नांचे ओझे घेऊन. खापरे किती, आणि त्यांतील काठाची किती? ती पृष्ठभागावर वेचली की थरांतून काढली? टेकाडाचे क्षेत्रफळ मोजले काय? लाल झिलईची म्हणून जी भांडी सांगता, ती नेवासे किंवा तेर येथील भांड्यांशी ताडून पाहिली काय? छायाचित्रात मोजपट्टी का नाही? नकाशावर उत्तर दिशा कोठे आहे? आणि सर्वांत अवघड प्रश्न असा की, ‘पेठ’ हा शब्द कोणत्या पुराव्यावर वापरला?

तरुण अभ्यासक चार दिवस जेवत नाही. मग पुन्हा टेकाडावर जातो, फीत धरून मोजमाप करतो आणि खापरे धुऊन त्यांवर शाईने क्रमांक घालतो. प्रत्येक काठाचे रेखाचित्र काढतो. त्याच्या एका बाजूस भांड्याच्या अंगाची जाडी दाखविणारा छेद असतो आणि दुसऱ्या बाजूस बाहेरचा पृष्ठभाग. या रेखाचित्रांमुळेच पाटण्याच्या किंवा मदुरेच्या अभ्यासकाला ते भांडे हातात न घेता ओळखता येते. वर्षभराने निबंध छापून येतो तेव्हा त्याचे नाव साधे झालेले असते : अमुक गावच्या टेकाडावरील पृष्ठभागीय अवशेष. पेठ गेली, पण जे उरले ते पन्नास वर्षे कोणी हलवू शकणार नाही. ही रीत कधी कठोर होते, कधी फार वेळ खाते, आणि परीक्षकाचा पूर्वग्रहही क्वचित आड येतो. तरीही याहून भरवशाची रीत अद्याप कोणास सापडलेली नाही.

या रीतीतील एक बारीक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. कोळशाच्या तुकड्याचे वय कार्बन-१४ पद्धतीने मोजले, तर निबंधात केवळ ‘इ. स. पूर्व १४००’ असे लिहून भागत नाही. प्रयोगशाळेने दिलेला मूळ आकडा, त्याची अधिक-उणे मर्यादा आणि नमुन्याचा क्रमांक द्यावा लागतो. जुन्या अहवालांतील तारखांपुढे ‘टीएफ’ अशी अक्षरे दिसतात, ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रयोगशाळेची खूण. पुढे झाडांच्या वाढीच्या वलयांवरून असे कळून आले की, वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखे नव्हते आणि तारखांत सुधारणा केली पाहिजे. मूळ आकडे छापलेले होते, म्हणून ती सुधारणा कोळशाचा नवा तुकडा न जाळता कागदावरच करता आली.

अपयशाची नोंद हीही या रीतीचाच भाग आहे. हरियाणातील राखीगढी येथील प्राचीन डीएनएविषयीचा डॉ. वसंत शिंदे व त्यांचे सहकारी यांचा निबंध २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आला, तेव्हा वृत्तपत्रांत मोठमोठे मथळे झळकले. निबंध मात्र शांतपणे सांगतो की, सांगाड्यांचे एकसष्ट नमुने तपासले आणि त्यांतून उपयोगी पडेल असा डीएनए एकाच व्यक्तीचा मिळाला. एवढ्या विस्तृत संस्कृतीचे संपूर्ण चित्र एका नमुन्यावरून रेखाटता येत नाही, हेही लेखकांनी स्वतःच नमूद केले आहे. मथळा आणि निबंध यांत हे अंतर असते, आणि ते ओळखणे हे वाचकाचे काम आहे.

आता आपल्या घरच्या अंगणात येऊ. महाराष्ट्रात घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर, डॉ. झैनुद्दीन अन्सारी आदींनी उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभरांहून अधिक घरे तेथे उजेडात आली. मुले वारली तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्यांना घराच्या जमिनीखालीच पुरीत असत. मृत मुलाला आईबापांनी अंगणापलीकडेही जाऊ दिले नाही, हे त्या रांजणांवरून कळते. मानवी सांगाड्यांवरील खंड १९८६ मध्ये आणि उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. गाव ओस पडण्याचे कारण म्हणून तेव्हा वाढत्या अवर्षणाकडे बोट दाखविले गेले. नंतर अमेरिकेतील ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच बालकांच्या अस्थींचा नव्याने अभ्यास केला, आणि २०११ च्या आपल्या ग्रंथात जुन्या स्पष्टीकरणाची पुन्हा चिकित्सा केली. कोणती अस्थी कोणत्या थरातील, कोणत्या घरातील, हे नोंदलेले होते, म्हणूनच हे शक्य झाले.

याच्या शेजारी दायमाबाद ठेवून पाहा. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये एका स्थानिक माणसाला मुळे खणताना कांस्याच्या चार मूर्ती मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ व त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून वजन साठ किलोंहून अधिक. इतके देखणे प्राचीन धातुकाम भारतात क्वचितच दिसते. पण त्या शास्त्रीय उत्खननात, थराथराची नोंद होत असताना बाहेर आल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी वाद उत्पन्न झाला. त्या उत्तर-हडप्पाकालीन आहेत असे अनेक अभ्यासकांचे मत पडले, डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून त्याविषयी शंका घेतली. पुढे एस. ए. साळी यांनी त्या स्थळी केलेल्या उत्खननाचा अहवाल १९८६ मध्ये छापला, आणि दायमाबादच्या वसाहतीचा क्रम त्यातून स्पष्ट झाला. मूर्तींचा वाद मात्र पुरता मिटला नाही. इनामगावचे साधे रांजण बोलतात आणि दायमाबादचा भव्य रथ अर्ध्याहून अधिक मुका राहतो, याचे कारण वस्तूंत नाही, नोंदीत आहे.

येथे कोणी विचारील की, हे सर्व इंग्रजीत छापायचे, मग ज्यांच्या शेतात टेकाड आहे त्यांनी काय वाचावे? हा आक्षेप रास्त आहे, आणि आपल्या पूर्वसूरींना तो जाणवलाही होता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड मराठीतच काढले. भारत इतिहास संशोधक मंडळाचे कार्य १९१० पासून मराठीत चालत आले. महामहोपाध्याय मिराशी यांनी कलचुरी आणि वाकाटक यांचे लेख इंग्रजीत संपादित केले, आणि मराठी वाचकांसाठी ‘संशोधन-मुक्तावलि’ही लिहिली. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ चा. आपल्या भाषेचा पहिला लेख कर्नाटकातील श्रवणबेळगोळचा, असे पुष्कळ काळ मानले जाई. पुढे शके ९३४ चा म्हणून अक्षीचा शिलालेख पुढे आला. त्यातील काळाच्या वाचनाविषयीही मतभेद झाले. हा वाद आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांसमोर चालला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आणि येथेच आपला, म्हणजे महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या मराठी कुटुंबांचा, संबंध येतो. मराठीचा पुरावा महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. श्रवणबेळगोळ कर्नाटकात आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा भोसल्यांचा विस्तीर्ण मराठी शिलालेख तामिळनाडूत आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, काशी येथील घाट, वाडे आणि देवळे यांवर किती लेख असतील, आणि जुन्या घराण्यांच्या पेट्यांत मोडीचे किती रुमाल बांधून पडले असतील! ते वाचणारा अभ्यासक दूर आहे. आपण मात्र तेथेच राहता.

म्हणून आमची एक विनंती आहे. प्रवासात किंवा आपल्या गावी एखादा लेख दिसला, तर त्याला तेल, शेंदूर किंवा रंग लावू नये आणि दगड हलवू नये. ताम्रपट किंवा नाणे हाती आले तर ते चिंचेने घासून लख्ख करू नये. त्या चकाकीबरोबर अक्षरेही जातात. गाव, जागा, दिशा, लांबी-रुंदी आणि माहिती देणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. बाजूला मोजपट्टी ठेवून, तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. झिजलेली अक्षरे तेव्हाच उठून दिसतात. जमिनीत काही मौल्यवान सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे हे तर १८७८ च्या निखात-निधी कायद्याने कर्तव्यच आहे, मग त्याचे मोल दहा रुपयांहून थोडेच अधिक का असेना. आणि ही माहिती जवळच्या विद्यापीठास किंवा पुरातत्त्व खात्यास पाठवावी. तिचा निबंध कोणीतरी लिहील. आपली टिपणे नसतील तर तो कोणालाच लिहिता येणार नाही.

शेवटी, हीच दृष्टी घरच्या कार्यासही लावावी असे सुचवितो. पन्नास वर्षांत या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके बसविली, मुलांना मराठी शिकविले, नव्याने आलेल्या बिऱ्हाडांना आधार दिला. त्या साऱ्याचा पुरावा जुन्या इतिवृत्तांत, जमाखर्चाच्या वह्यांत आणि पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांत आहे. आज सभागृहात असे ज्येष्ठ सभासद बसले आहेत, जे त्या छायाचित्रांतील प्रत्येक चेहरा ओळखतात. ही स्मरणिका छापखान्यात जाण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी त्यांच्याजवळ बसावे, आणि प्रत्येक छायाचित्राखाली वर्ष, स्थळ आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहून घ्यावीत. स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींची आणि मांडव घालणाऱ्यांची नावेही त्यांत असावीत, कारण अहवालांतून नेमकी तीच गळतात. शताब्दीच्या वेळी जे कोणी या जागी असतील, त्यांना तेव्हा विचारावयास माणसे नसतील. हे पान असेल.